रशियन वांशिक राष्ट्रवादी चळवळी

सोव्हिएट संघाच्या विघटनानंतर (१९९१) रशियन संघराज्यात उदयास आलेल्या, रशियन वंशीयांना राज्याचे मूळ स्वामी मानणाऱ्या आणि त्यांच्या हितसंबंधांना राजकारणात अग्रक्रम मिळावा अशी मागणी करणाऱ्या संघटना, मंडळे व स्थानिक गट यांना स्थूलमानाने ही संज्ञा लावली जाते. या चळवळींना निवडणुकांच्या राजकारणात स्वतंत्रपणे फारसे स्थान मिळाले नाही. त्यांचे बळ मुख्यतः शहरांतील वसाहती, छोटी औद्योगिक गावे, फुटबॉलप्रेमींची मंडळे, व्यायामशाळा आणि बाजारपेठांचे परिसर यांतील अनौपचारिक संघटनांत राहिले. म्हणून त्यांचा अभ्यास करताना पक्ष व जाहीरनामे यांपेक्षा त्यांच्या तळपातळीवरील कार्यपद्धतीकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

रशियन भाषेत ‘रशियन’ या अर्थाची दोन विशेषणे आहेत. ‘रूस्की’ हे वंश, भाषा व संस्कृती यांचे निदर्शक असून ‘रोस्सीस्की’ हे राज्य व नागरिकत्व यांचे निदर्शक आहे. तातार, चेचेन किंवा याकूत व्यक्ती रोस्सीस्की नागरिक असते. परंतु ती रूस्की नसते. १९९३ च्या संविधानाच्या प्रास्ताविकात रशियन संघराज्यातील बहुराष्ट्रीय जनतेचा उल्लेख आहे. वांशिक राष्ट्रवाद्यांचा मूळ आक्षेप याच संकल्पनेवर आहे. त्यांच्या मते राज्य रूस्की लोकांनी निर्माण केले असूनही त्यांना त्यात नावानिशी स्थान नाही. साम्राज्याचा विस्तार व राज्यसंस्थेचे सामर्थ्य यांवर भर देणारा साम्राज्यवादी राष्ट्रवाद आणि रशियन वंशीयांचे हित सर्वोपरी मानणारा वांशिक राष्ट्रवाद, हे दोन प्रवाह येथे वेगळे ओळखले पाहिजेत. पहिल्यास परप्रांतांचा समावेश इष्ट वाटतो, तर दुसऱ्यास त्या प्रांतांतील लोकांचे आगमन अनिष्ट वाटते. व्यवहारात हे प्रवाह पुष्कळदा एकमेकांत मिसळतात. परंतु त्यांच्यातील विसंगती पुढे निर्णायक ठरली.

पूर्वपीठिका : झारकालीन रशियात १९०५ च्या क्रांतीच्या वेळी ‘रशियन जनतेचा संघ’ ही संघटना अलेक्सांद्र दुब्रोव्हीन याच्या नेतृत्वाखाली स्थापन झाली. ती व तिच्यासारख्या अन्य राजनिष्ठ संघटना ‘काळी शतके’ (चोर्नाया सोत्न्या) या नावाने ओळखल्या जातात. दुकानदार, कारागीर, शेतकरी व धर्मोपदेशक यांना एकत्र आणणारी ती रशियातील पहिली व्यापक उजवी चळवळ होय. ज्यूंवरील हल्ल्यांशी तिचे नाव कायमचे निगडित झाले. १९१७ च्या क्रांतीनंतर ती संपुष्टात आली.

सोव्हिएट काळात उघड वांशिक राष्ट्रवादास वाव नव्हता; परंतु स्मारकसंरक्षण, साहित्य व पर्यावरण या क्षेत्रांतून त्याचा सौम्य आविष्कार होत राहिला. १९६५ मध्ये स्थापन झालेल्या ऐतिहासिक व सांस्कृतिक स्मारकांच्या संरक्षणाच्या अखिल रशियन संस्थेचे लक्षावधी सदस्य होते. पडझड झालेली चर्चे व जुन्या वास्तू यांच्या निमित्ताने तिच्यात राष्ट्रीय भूतकाळाविषयी आस्था असणारी मंडळी एकत्र आली. व्हलेंतीन रस्पूतीन, व्हसीली बेलोव्ह इ. ‘ग्रामीण गद्य’ संप्रदायातील लेखकांनी ओस पडणाऱ्या रशियन खेड्याचे दुःख मांडले. उत्तरेकडील नद्यांचे पाणी दक्षिणेकडे वळविण्याच्या प्रचंड योजनेस याच वर्तुळातून प्रखर विरोध झाला व १९८६ मध्ये ती योजना सोडून देण्यात आली. दुसरीकडे लेनिनग्राडमध्ये ईगर ओगुर्त्सोव्ह याने १९६४ मध्ये स्थापन केलेली गुप्त संघटना १९६७ मध्ये उघडकीस येऊन मोडली गेली, तर व्ह्लदीमिर ओसिपोव्ह याने १९७१ पासून हस्तलिखित स्वरूपात प्रसृत केलेले व्हेचे हे नियतकालिक १९७४ मध्ये बंद पडले.

या काळातील एक तक्रार पुढील सर्व चळवळींनी वारशाने घेतली. अन्य संघप्रजासत्ताकांना स्वतःचा कम्युनिस्ट पक्ष होता. परंतु रशियन प्रजासत्ताकास तो १९९० पर्यंत नव्हता. सोव्हिएट राज्यात रशियन भाषा व रशियन अधिकारी यांचे प्राबल्य होते, ही वस्तुस्थिती आहे. तथापि साम्राज्याचा भार रशियनांनी वाहिला व लाभ इतरांना झाला, अशी भावना अनेक रशियनांत रुजली.

ग्लासनोस्तच्या काळात ‘पाम्यात’ (स्मृती) ही संघटना प्रसिद्धीस आली. स्मारकप्रेमींच्या वर्तुळातून निघालेली ही संघटना दमीत्री व्हसील्येव्ह याच्या नेतृत्वाखाली उघडपणे ज्यूविरोधी बनली. ६ मे १९८७ रोजी तिने मॉस्कोत निदर्शने केली, तेव्हा शहराच्या पक्षसंघटनेचे तत्कालीन प्रमुख बरीस येल्त्सिन यांनी निदर्शकांची भेट घेतली. अनधिकृत निदर्शकांशी उच्चपदस्थाने बोलणी करावी, ही त्या काळात अपूर्व घटना होती. लवकरच पाम्यातमध्ये फुटी पडल्या. परंतु पुढील दशकातील अनेक कार्यकर्त्यांची जडणघडण तिच्यातच झाली.

सामाजिक पार्श्वभूमी : १९८९ च्या जनगणनेनुसार सोव्हिएट संघाच्या लोकसंख्येत रशियनांचे प्रमाण जेमतेम अर्ध्याहून अधिक (५०.८%) होते, रशियन प्रजासत्ताकात मात्र ते ८१.५% होते. विघटनामुळे सु. अडीच कोटी रशियन अन्य नवस्वतंत्र देशांत राहिले. त्यांपैकी अनेकजण पुढील वर्षांत रशियात परतले. त्याच सुमारास मृत्युदर वाढला, जन्मदर घटला, कारखाने बंद पडले व वेतने थकली. चेचन्यातील दोन युद्धे (१९९४–९६ व १९९९ पासून पुढे) आणि त्यांच्याशी संबंधित दहशतवादी हल्ले यांमुळे कॉकेशसमधील लोकांविषयी संशय व शत्रुत्व वाढले.

२००० नंतर तेलाच्या किंमती वाढल्या आणि बांधकाम, वाहतूक, सफाई व किरकोळ व्यापार यांत मजुरांची टंचाई भासू लागली. ताजिकिस्तान, उझबेकिस्तान व किरगिझस्तान या देशांतील नागरिकांना व्हिसाविना रशियात येता येत असल्याने तेथील तरुण मोठ्या संख्येने येऊ लागले. ताजिकिस्तानच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक चतुर्थांशाहून अधिक भाग अनेक वर्षे या मजुरांनी धाडलेल्या पैशांतून आलेला आहे. या मजुरांना काम देणारे ठेकेदार, त्यांच्याकडून चिरीमिरी उकळणारे अधिकारी आणि त्यांना तळघरांत दाटीवाटीने ठेवणारे घरमालक हे बहुधा स्थानिकच असत. येथे एक महत्त्वाचा भेदही ध्यानात घेतला पाहिजे. मध्य आशियातून येणारे मजूर परदेशी नागरिक असतात. परंतु दागेस्तान, चेचन्या, इंगुशेतिया इ. उत्तर कॉकेशसमधील प्रजासत्ताकांचे रहिवासी रशियाचेच नागरिक असतात. राष्ट्रवादी प्रचारात मात्र दोहोंनाही ‘उपरे’ या एकाच वर्गात टाकले जाते.

संघटनांचा विकास : १९९० च्या दशकातील प्रमुख संघटना ‘रशियन राष्ट्रीय एकता’ ही होय. पाम्यातमधून बाहेर पडलेल्या अलेक्सांद्र बार्काशोव्ह याने ती १९९० मध्ये स्थापन केली. काळा गणवेश, स्वस्तिकसदृश चिन्ह, लष्करी कवायत आणि प्रदेशोप्रदेशींच्या शाखा ही तिची वैशिष्ट्ये होत. ऑक्टोबर १९९३ मध्ये संसद व राष्ट्राध्यक्ष यांच्यातील सशस्त्र संघर्षात तिचे सदस्य संसदेच्या बाजूने लढले. काही शहरांत तिच्या पथकांनी उद्यानांत गस्त घातली व शाळकरी मुलांसाठी क्रीडावर्ग चालविले. दुर्बल झालेल्या स्थानिक शासनाची उणीव आपण भरून काढतो, असे दाखविण्याचा हा पहिला संघटित प्रयत्न होता. डिसेंबर १९९८ मध्ये तिचे मॉस्कोतील अधिवेशन महापौर यूरी लुझकोव्ह यांनी होऊ दिले नाही आणि २००० मध्ये ती फुटली.

याच काळात तरुणांचे स्किनहेड गट शहरोशहरी निर्माण झाले. त्यांना मध्यवर्ती संघटना वा कार्यक्रम नव्हता. वस्ती, तांत्रिक शाळा किंवा फुटबॉल मैदानावरील ओळखी यांतून पाच-दहा जणांच्या टोळ्या बनत. २००१ मध्ये मॉस्कोतील यासेनेव्हो (एप्रिल) व त्सारीत्सिनो (ऑक्टोबर) येथील बाजारांवर जमावाने हल्ले केले. त्यांपैकी दुसऱ्यात मनुष्यहानी झाली.

जुलै २००२ मध्ये मॉस्को प्रांतातील क्रस्नोआर्मेय्‌स्क या गावी स्थानिक रहिवासी व आर्मेनियन यांच्यात झालेल्या दंगलीनंतर ‘अवैध स्थलांतरविरोधी आंदोलन’ स्थापन झाले. अलेक्सांद्र बिलोव्ह (मूळ आडनाव पोत्किन) व त्याचा भाऊ व्ह्लदीमिर बास्मानोव्ह हे त्याचे संस्थापक. या संघटनेने गणवेश व कवायती टाळल्या. औपचारिक सदस्यत्वाऐवजी सैल जाळे, तक्रारी स्वीकारणारा दूरध्वनी, पत्रके आणि कोठेही भांडण झाल्यास तेथे तत्काळ पोहोचणारे कार्यकर्ते, असे तिचे तंत्र होते. वंशश्रेष्ठत्वाच्या सिद्धांताऐवजी कायदा व सुव्यवस्था यांची भाषा वापरल्याने ती सामान्य नागरिकांना अधिक जवळची वाटली.

स्थानिक सभा व दंगली : या चळवळींच्या कार्यपद्धतीत ‘स्खोद’ या प्रकारास विशेष स्थान आहे. स्खोद म्हणजे जुन्या रशियन ग्रामसमाजाची (ओब्श्चिना) कुटुंबप्रमुखांची सभा. जमिनीची फेरवाटणी, कर व शिक्षा यांविषयीचे निर्णय तीत होत. सोव्हिएटोत्तर काळात एखाद्या गावातील खुनानंतर चौकात उत्स्फूर्तपणे जमणाऱ्या लोकांच्या सभेस हेच नाव देण्यात आले. निदर्शनांसाठी पूर्वसूचना देण्याचे कायदेशीर बंधन असल्याने ‘ही निदर्शने नव्हेत, गावसभा आहे’ असे म्हणण्यात व्यावहारिक सोयही होती.

कारेलियातील कोंडोपोगा येथील घटना या प्रकाराचा नमुना मानली जाते. सु. ३५,००० वस्तीचे हे गाव कागदगिरणीवर अवलंबून होते. ऑगस्ट २००६ च्या अखेरीस तेथील एका उपाहारगृहात झालेल्या भांडणानंतर कॉकेशसमधील काही इसमांच्या हल्ल्यात दोन स्थानिक रहिवासी मारले गेले. पोलिसांनी वेळीच हस्तक्षेप केला नाही, असा रहिवाशांचा आरोप होता. २ सप्टेंबर रोजी भरलेल्या सभेत कॉकेशियनांना गावातून घालवावे व बाजार स्थानिक लोकांच्या ताब्यात द्यावा, अशा मागण्या झाल्या. बिलोव्ह या सभेस उपस्थित होता. त्यानंतर जमावाने उपाहारगृह व दुकाने जाळली. गुन्ह्याशी काहीही संबंध नसलेल्या अनेक कॉकेशियन कुटुंबांना गाव सोडून जावे लागले. मूळ तक्रार दोन स्वरूपांची होती : खुनाची आणि पोलिसांच्या निष्क्रियतेची. तथापि शिक्षा मिळाली ती एका संपूर्ण लोकसमूहास.

यानंतर केंद्र शासनाने बाजारपेठांत किरकोळ विक्री करणाऱ्या परदेशी नागरिकांची संख्या मर्यादित केली आणि १ एप्रिल २००७ पासून अशा विक्रीस पूर्ण बंदी केली. कोंडोपोगातील संशयित रशियाचेच नागरिक असल्याने या उपायाचा मूळ घटनेशी थेट संबंध नव्हता. मात्र दंगलीतून धोरण बदलता येते, असा संदेश त्यातून गेला.

डिसेंबर २०१० मध्ये मॉस्कोतील स्पार्टाक क्लबाचा एक चाहता उत्तर कॉकेशसमधील तरुणांशी झालेल्या मारामारीत ठार झाला व काही संशयितांना पोलिसांनी सोडून दिले. ११ डिसेंबर रोजी क्रेमलिनलगतच्या मानेझ चौकात हजारोंचा जमाव जमला आणि तेथे व भुयारी रेल्वेत परप्रांतीय दिसणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. त्यानंतर तत्कालीन पंतप्रधान व्ह्लदीमिर पूतिन यांनी फुटबॉलप्रेमींच्या प्रतिनिधींची भेट घेतली आणि मृताच्या थडग्यावर फुले वाहिली. सरातव्ह प्रांतातील पुगाचोव्ह (जुलै २०१३) आणि मॉस्कोच्या दक्षिणेकडील बिर्युल्योव्हो (ऑक्टोबर २०१३) येथेही खुनाच्या घटनांनंतर असाच क्रम घडला. बिर्युल्योव्होत जमावाने भाजीपाल्याच्या घाऊक गोदामावर चाल केली. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी गोदामातील एक हजाराहून अधिक कामगारांना ताब्यात घेतले आणि पुढे गोदाम बंद करण्यात आले.

इतर कार्यपद्धती : सर्वच कार्य दंगलींचे नव्हते. २०११ च्या प्रारंभापासून अनेक शहरांत ‘रशियन धावफेऱ्या’ निघू लागल्या. मद्य व तंबाखू यांपासून दूर राहणारा सुदृढ तरुण हा त्यांचा आदर्श होता. रशियन पुरुषांच्या अकाली मृत्यूंना मद्यपान मोठ्या प्रमाणावर कारणीभूत असल्याने या उपक्रमास राजकारणाशी संबंध नसलेल्यांचाही पाठिंबा मिळाला. अनाथालयांना मदत, रक्तदान, तसेच खटले चालू असलेल्या वा शिक्षा झालेल्या कार्यकर्त्यांना कायदेशीर साहाय्य हेही उपक्रम होते. नताल्या खल्मगोरव्हा यांच्या पुढाकाराने चाललेले ‘रोद’ हे केंद्र वांशिक संघर्षांतील रशियन पक्षकारांना वकील मिळवून देई. २०१३ च्या सुमारास मॉस्कोत काही गटांनी तळघरे व कामगारांची निवासस्थाने यांवर ‘छापे’ घालून स्थलांतरितांना पोलिसांच्या हवाली करण्यास प्रारंभ केला. मॅक्सिम मार्त्सिंकेविच याच्या गटाने लैंगिक गुन्हेगार पकडण्याच्या नावाखाली लोकांना गाठून त्यांची विटंबना केली व त्याची चित्रणे प्रसृत केली. पुढे त्याला कारावासाची शिक्षा झाली व २०२० मध्ये तो तुरुंगात मरण पावला.

‘रशियन मोर्चा’ हा या चळवळींचा वार्षिक मेळावा होता. ७ नोव्हेंबरच्या क्रांतिदिनाची सुटी रद्द करून २००५ पासून ४ नोव्हेंबर हा राष्ट्रीय एकतादिन ठरविण्यात आला. १६१२ मध्ये मीनिन व पझार्स्की यांनी पोलिश सैन्याच्या ताब्यातून मॉस्को मुक्त केल्याची ती स्मृती होय. या दिवसाविषयी जनतेत विशेष भावना नव्हती. ती पोकळी राष्ट्रवाद्यांनी पहिल्याच वर्षी मोर्चा काढून भरली. पुढे मॉस्कोतील ल्यूब्लिनो या उपनगरी भागात दरवर्षी हजारो लोक जमू लागले. २०११ मध्ये उत्तर कॉकेशसला मिळणाऱ्या केंद्रीय अनुदानांविरुद्ध मोहीम झाली. ‘याब्लको’ या उदारमतवादी पक्षातून २००७ मध्ये निष्कासित झालेले अलेक्सेय नवाल्नी या मोहिमेत व त्या वर्षीच्या मोर्चात सहभागी झाले होते.

याच सुमारास कन्स्तन्तीन क्रिलोव्ह (१९६७–२०२०) प्रभृतींनी वांशिक राष्ट्रवाद व लोकशाही यांची सांगड घालण्याचा प्रयत्न केला. डिसेंबर २०११ पासूनच्या निवडणूक-गैरप्रकारविरोधी निदर्शनांत राष्ट्रवादी गट सामील झाले. २०१२ मध्ये निवडून आलेल्या विरोधकांच्या समन्वय परिषदेत ४५ पैकी ५ जागा त्यांच्यासाठी राखीव होत्या. क्रिलोव्ह यांच्या राष्ट्रीय लोकशाही पक्षास मात्र शासनाने नोंदणी दिली नाही.

हिंसाचार : या चळवळींच्या कडेला, आणि काही वेळा त्यांच्या आतच, संघटित हत्या करणारे गट वाढले. फेब्रुवारी २००४ मध्ये सेंट पीटर्झबर्ग येथे नऊ वर्षांच्या एका ताजिक मुलीचा भोसकून खून झाला. त्याच वर्षी जूनमध्ये वंशद्वेषाच्या खटल्यांत तज्ञ म्हणून साक्ष देणारे मानवशास्त्रज्ञ निकोलाय गिरेंको यांना त्यांच्या घराच्या दारात गोळी घालण्यात आली. ऑगस्ट २००६ मध्ये मॉस्कोच्या चेर्किझोव्हो बाजारातील बाँबस्फोटात १४ जण मृत्युमुखी पडले. सप्टेंबर २००६ मध्ये सेंट पीटर्झबर्ग येथे वैद्यकीय शिक्षण घेणारा एक भारतीय विद्यार्थी मारला गेला. त्या काळात हिटलरच्या जन्मदिनाच्या सुमारास परदेशी विद्यार्थ्यांना वसतिगृहाबाहेर न पडण्याची सूचना दिली जात असे.

‘रशियन राष्ट्रवाद्यांची लढाऊ संघटना’ (बोर्न) या गुप्त गटाने १९ जानेवारी २००९ रोजी मॉस्कोत वकील स्तनिस्लाव्ह मार्केलोव्ह व पत्रकार अनस्तासिया बाबूरव्हा यांची आणि एप्रिल २०१० मध्ये न्यायाधीश एदुआर्द चुवाशोव्ह यांची हत्या केली. या गटाचा सूत्रधार म्हणून २०१५ मध्ये जन्मठेप झालेला ईल्या गर्याचेव्ह हा ‘रूस्की ओब्राझ’ या उघड काम करणाऱ्या संघटनेचा नेता होता. सभ्य राजकीय मुखवटा व गुप्त हिंसक शाखा एकाच वेळी बाळगता येतात, हे या खटल्यांतून स्पष्ट झाले. २००२ मध्ये स्थापन झालेल्या ‘सोव्हा’ या अभ्यासकेंद्राच्या नोंदींनुसार २००८ मध्ये वंशद्वेषमूलक हल्ल्यांत शंभराहून अधिक व्यक्ती ठार झाल्या. पोलिसी कारवाईनंतर ही संख्या सातत्याने घटून २०१७ नंतरच्या काही वर्षांत एक-अंकी झाली.

शासनाचे धोरण : शासनाचे या चळवळींविषयीचे धोरण दुहेरी राहिले. २००२ चा अतिरेकीपणाविरोधी कायदा व दंडसंहितेतील कलम २८२ यांखाली संघटनांवर बंदी घालण्यात आली. दमीत्री द्योमुश्किन याचा ‘स्लाव्ह संघ’ (२०१०), अवैध स्थलांतरविरोधी आंदोलन (२०११) आणि या दोहोंच्या अनुयायांनी स्थापिलेली ‘रूस्किये’ ही संघटना (२०१५) यांवर क्रमाने बंदी आली. बिलोव्ह व द्योमुश्किन यांना अनुक्रमे २०१६ व २०१७ मध्ये कारावासाच्या शिक्षा झाल्या. हाच कायदा उदारमतवादी विरोधक व धार्मिक अल्पसंख्य यांच्याविरुद्धही वापरला गेला.

दुसऱ्या बाजूने राष्ट्रवाद्यांची परिभाषा हळूहळू अधिकृत होत गेली. पूतिन यांनी जानेवारी २०१२ मधील एका लेखात वांशिक राष्ट्रवादाचा निषेध केला. पण रशियन लोक हे राज्यनिर्माते असल्याचेही प्रतिपादन केले. २०२० च्या संविधानदुरुस्तीने रशियन ही ‘राज्यनिर्मात्या लोकांची’ भाषा असल्याचे कलम ६८ मध्ये नमूद झाले. अशा प्रकारे संघटना नष्ट झाल्या, तरी त्यांच्या मागणीचा एक अंश संविधानात पोहोचला.

युक्रेनचा प्रश्न व फूट : २०१४ मध्ये क्रिमियाचे सामिलीकरण व दोनबासमधील युद्ध यांमुळे चळवळीतील जुनी विसंगती उघड झाली. साम्राज्यवादी प्रवाहातील कार्यकर्ते स्वयंसेवक म्हणून दोनबासला गेले. एप्रिल २०१४ मध्ये स्लाव्ह्यान्स्क ताब्यात घेणारा ईगर गिर्किन (स्त्रेल्कोव्ह) हा त्यांच्यापैकी सर्वांत प्रसिद्ध. वांशिक प्रवाहातील काहींनी मात्र स्लाव्हांचे स्लाव्हांशी युद्ध अनिष्ट मानले, तर काहीजण युक्रेनच्या बाजूने लढण्यास गेले. त्या वर्षी ४ नोव्हेंबरला मॉस्कोत दोन वेगवेगळे मोर्चे निघाले व पुढील वर्षांत उपस्थिती काही शेकड्यांवर आली.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर सर्वंकष आक्रमण केल्यावर ही फूट अधिक रुंदावली. देनिस कापुस्तीन याच्या नेतृत्वाखालील ‘रशियन स्वयंसेवक दल’ युक्रेनच्या बाजूने लढू लागले व २०२३ मध्ये त्याने ब्र्यान्स्क व बेल्गरद या सीमावर्ती प्रांतांत घुसखोरी केली. युद्ध पुरेशा कठोरपणे चालविले जात नाही, अशी टीका करणाऱ्या गिर्किन यास २०२३ मध्ये अटक होऊन जानेवारी २०२४ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली. शासनाचा आक्षेप राष्ट्रवादावर नसून स्वतंत्र राष्ट्रवादावर आहे, हे यावरून दिसते.

नवे स्थानिक गट : २०२० नंतर, विशेषतः युद्धकाळात, नव्या प्रकारचे गट वाढले. त्यांपैकी ‘रूस्काया ओब्श्चिना’ (रशियन समाज) ही २०२० मध्ये स्थापन झालेली संघटना सर्वांत विस्तृत आहे. तिनेही जुन्या ग्रामसमाजाचेच नाव घेतले आहे. अनेक प्रदेशांत तिच्या शाखा आहेत. संकटात सापडलेल्या सदस्यास भ्रमणध्वनीवरून जवळपासच्या सदस्यांना बोलावता येते. आघाडीवरील सैनिकांना साहित्य पाठविणे, गर्भपातविरोधी प्रचार, ऑर्थोडॉक्स धार्मिक कार्यक्रम आणि स्थलांतरितांच्या निवासस्थानांवर व कामाच्या ठिकाणी पोलिसांसमवेत छापे, हे तिचे प्रमुख उपक्रम होत. ‘उत्तरेचा माणूस’ (सेव्हेर्नी चिलव्ह्येक) हा गटही अशाच स्वरूपाचा आहे. नागरिकांच्या गस्ती पथकांना (द्रुझीना) २०१४ च्या कायद्याने मान्यता दिली असल्याने अशा सहकार्यास वैधानिक आधारही मिळतो.

जुन्या संघटनांपेक्षा हे गट एका मूलभूत बाबतीत भिन्न आहेत. ते राजसत्तेस आव्हान देत नाहीत, युद्धास पाठिंबा देतात आणि अन्वेषण समितीसारख्या शासकीय यंत्रणांकडे तक्रारी करून दबाव आणतात. त्या समितीचे प्रमुख म्हणून अलेक्सांद्र बास्त्रीकिन यांनी जून २०२४ मध्ये, नव्याने नागरिकत्व मिळालेल्या सु. १०,००० जणांना युद्धक्षेत्रात पाठविल्याचे सांगितले. २२ मार्च २०२४ रोजी मॉस्कोलगतच्या क्रोकस सभागृहावर झालेल्या दहशतवादी हल्ल्यात १४० हून अधिक लोक मारले गेले. मुख्य आरोपी ताजिकिस्तानचे नागरिक असल्याने स्थलांतरितविरोधी भावना तीव्र झाली. फेब्रुवारी २०२५ पासून देशात राहण्याचा वैध आधार नसलेल्या परदेशीयांची स्वतंत्र नोंदवही सुरू झाली आणि एप्रिल २०२५ पासून परदेशी मुलांना रशियन भाषेची परीक्षा दिल्याविना शाळाप्रवेश मिळेनासा झाला. दरम्यान वंशद्वेषमूलक हल्ल्यांत पुन्हा वाढ झाल्याचे सोव्हा केंद्राने नोंदविले. त्या केंद्राची कायदेशीर संस्था विसर्जित करण्याचा आदेश मॉस्कोच्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये दिला होता.

मूल्यमापन : या चळवळींच्या मुळाशी असलेल्या अनेक तक्रारी काल्पनिक नाहीत. भ्रष्ट पोलीस, न्यायास होणारा विलंब, एकाच कारखान्यावर जगणाऱ्या गावांची दैना आणि नागरिकांचे न ऐकणारे प्रशासन यांचा अनुभव रशियन व बिगर-रशियन अशा दोघांनाही येतो. स्वतंत्र कामगार संघटना, निर्भय वृत्तपत्रे व खुल्या निवडणुका यांच्या अभावी या तक्रारींना वांशिक संघटन हीच वाट मोकळी राहिली. परंतु त्या वाटेने रोष प्रशासनाकडे न जाता तळघरात राहणाऱ्या मजुराकडे वळला. पोलीस लाच घेतात, या आरोपातून निघालेली सभा लाच देण्यास भाग पडलेल्या माणसाचे दुकान जाळून संपली, हा या इतिहासातील वारंवार आढळणारा विपर्यास आहे.

स्खोद व ओब्श्चिना या शब्दांत स्वशासनाची जुनी आकांक्षा आहे. मूळ ग्रामसभा आपल्याच गावाचा कर, जमीन व शिस्त यांचा निर्णय करी. तिच्या आधुनिक वारसांच्या हाती असे कोणतेही अधिकार नाहीत. कोणाला गावातून घालवावे, एवढाच निर्णय त्यांच्यासाठी उरतो आणि तोही शासनाच्या मूक संमतीने. शेजाऱ्यांनी एकत्र येणे हे नागरी समाजाचे लक्षण मानले जाते. पण शेजारी कोणास म्हणावयाचे हे जेथे रक्तावरून ठरते, तेथे तेच एकत्र येणे नागरिकत्वाच्या मुळावर येते. संघराज्यातील सु. एक पंचमांश किंवा त्याहून अधिक लोक रूस्की नाहीत. त्यांना समान नागरिक म्हणून सामावून घेण्याचा प्रश्न या चळवळींनी सोडविला नाही; त्यांच्यावर बंदी घालून त्यांचीच भाषा स्वीकारणाऱ्या शासनालाही तो सुटलेला नाही.